गुडघा, ढोपर, टोंगळा

जानेवारी १९८६ मध्ये, संक्रांतीच्या आगेमागे, माझ्या थोरल्या बहिणीच्या उजव्या गुडघ्यावर वाशी, तळवली आणि नेरूळ या तीन ठिकाणी तीन वेगवेगळे इलाज झाले. पहिल्याने काही फरक पडला नाही. दुसऱ्याने गुडघा सुजला. तिसरा हे लिहीत असताना चालू आहे. दुसरा इलाज बिघडला तो एका शब्दामुळे.

मी पुण्यातल्या एका दैनिकात बातम्या तपासण्याचे काम करतो. आठवड्याची रजा घेऊन अक्काकडे गेलो होतो. खाडीपलीकडचे हे नवे शहर ज्यांनी पाहिलेले नाही, आणि ज्यांच्या घरात कोणाचे तरी गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी हा वृत्तान्त आहे.

वाशी, शुक्रवार

पुण्याची एसटी वाशीच्या नाक्यावर थांबली तेव्हा दिवस मावळत होता. खाडीवरचा वारा आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांचा वास इथे बरोबरच येतात. वास पहिल्या दिवशी जाणवतो, तिसऱ्या दिवशी जाणवत नाही. शहर आखून बांधलेले आहे. सेक्टरला नंबर, इमारतीला नंबर, दाराला नंबर. माणसाचे नाव सांगून पत्ता विचारला तर कोणालाही सांगता येत नाही. नंबर सांगितला की शाळकरी पोरही दारापर्यंत आणून सोडते. इमारती बुटक्या आहेत. त्यांना जिने आहेत, लिफ्ट नाही.

अक्का तिसऱ्या मजल्यावर राहते. दिवाळीपासून ती खाली उतरली नव्हती. त्या सुमारास वाशीतल्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढून सांधा झिजल्याचे सांगितले होते. त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी दुखणे थांबले, पण पोटात आग पडू लागली, म्हणून गोळ्या बंद झाल्या. त्यानंतर जो भेटेल तो एक इलाज सांगत होता आणि अक्का तो लक्षात ठेवत होती.

दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, जवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. जेवायला बसण्याआधीच त्यांनी विषय काढला.

"टेम्पो सांगून ठेवलाय. सामान कोरेगावला टाकायचं आन् मोकळं व्हायचं. पाव्हणं, तुमीच सांगा, जिना उतरता येत न्हाई त्या बाईनं तिसऱ्या मजल्यावर ऱ्हाऊन काय करायचं?"

"आन् गावात काय करायचं?" अक्का ओट्याशी उभी राहून भाकरी थापत होती. "चूल भुईवर. परसाकडं वढ्याला. बसायचं कसं आन् उठायचं कसं? गावचं घर दिराचं. हितं वटा हाय, नळ हाय, आन् दार माझं हाय."

"दार तुझं हाय, पर दिवाळीपासनं तू दाराच्या आतच हाईस की."

अक्काने भाकरी उलटली. भाजीबाजार इमारतीपासून हाकेच्या अंतरावर आहे. दिवाळीपर्यंत ती रोज स्वतः तिथे जात असे आणि भाजीवाल्या भय्याशी तिच्या हिंदीत भांडत असे. आता भाजी दाजी आणत. दोडकी जून निघत.

भाकरी खाऊन झाल्यावर दोघांत अट ठरली. ती माझ्यासमोर ठरली म्हणून नेमकी सांगता येते. दाजींच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी अक्काने कोणाचा हात न धरता फाटकापर्यंत उतरायचे आणि तसेच वर यायचे. जमले तर टेम्पो रद्द. न जमले तर कोरेगाव.

वाशी, शनिवार

पहिला इलाज पहिल्या मजल्यावरून वर आला. प्रधान हे मुंबईतल्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचा चुंबकचिकित्सेचा अभ्यास आहे. एका हातात लाकडी पेटी आणि दुसऱ्या हातात हात टेकायची वेताची खुर्ची घेऊन ते आले.

"वहिनी, टेन्शन घ्यायचं नाही. या खुर्चीत बसायचं, पाय सैल. उत्तर ध्रुव गुडघ्याखाली, दक्षिण ध्रुव वर. सर्क्युलेशन आपोआप चालू."

पेटीत मखमलीच्या खाचेत दोन जाड चुंबक होते. प्रधानांनी ते अक्काच्या गुडघ्याला वरून आणि खालून लावले आणि घड्याळ बघत उभे राहिले. अक्काने डोळे मिटले होते. चुंबक काढून ते ओट्यावर ठेवायला गेले, तर तिथली लोखंडी सांडशी खटकन येऊन चिकटली. ती सोडवायला मला आणि प्रधानांना दोन्ही बाजूंनी ओढावे लागले.

"दुखणं न्हाई वढलं, सांडशी वढली," दाजी म्हणाले.

"अहो, पहिल्या सिटिंगला रिझल्ट येत नाही. इफेक्ट लेट असतो."

अक्काचे म्हणणे मी वेगळे विचारून घेतले. "चुंबकाचं काय कळलं न्हाई," ती म्हणाली, "पर खुर्ची झ्याक हाय. हाताला धरून उठता येतंय." प्रधान पुढच्या सिटिंगसाठी खुर्ची तिथेच ठेवून गेले. दुपारी आणि संध्याकाळी अक्का जिन्याच्या तोंडापर्यंत जाऊन परत आली. दुखणे होते तसेच होते.

तळवली, रविवार

तळवली हे ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून असलेले आगरी लोकांचे जुने गाव. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला खाडी. भातशेती बहुतेक सरकारजमा झाली आहे आणि आसपासची काही मिठागरेही बंद पडली आहेत. तिथले हाडवैद्य जोमाबाबा पाटील यांचे नाव दाजींना कारखान्यात कळले होते. बाबा तरुणपणी मिठागरात काम करत. मिठाच्या पाण्यात उभे राहून सगळ्यांचेच सांधे धरत, आणि बाबांच्या आईला त्यावरचे औषध माहीत होते. ते आता त्यांच्याकडे आहे.

अक्काला प्रधानांच्या खुर्चीत बसवून दाजींनी आणि मी खाली आणले. मधल्या मजल्यावरच्या बायका दारात येऊन बघत होत्या. "नवरी निघाली बघा," अक्काच त्यांना म्हणाली. बसमधून तळवलीच्या फाट्याला उतरल्यावर मात्र चालावे लागले. ऊन होते. ती दोन ठिकाणी थांबली.

बाबांच्या घराला कौले आहेत आणि पुढे सारवलेली ओटी आहे. इथे एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. जोमाबाबा परक्या बाईच्या पायाला हात लावत नाहीत. बाई आत माजघरात बसते. बाबा ओटीवर दाराकडे पाठ करून बसतात आणि तिथूनच विचारतात. हात लावायचे, चोळायचे, बांधायचे काम त्यांची बायको चांगुणाबाई करते. आमच्याकडे वैद्य नाडी तरी धरतो. दाजी आणि मी ओटीवर बाबांच्या शेजारी बसलो.

"ढोपर दुखतंय का गो बाय?" बाबांनी विचारले.

"न्हाई बाबा. ढोपराला काय न्हाई."

बाबांनी कान दाराकडे केला. "सुजतंय?"

"न्हाई."

"हाताला गरम लागतंय? रातचा ठनकतंय?"

"ढोपर कशाला ठणकंल? पायात कळ येती, उठता-बसता."

"मंग नुसती कळ हाय," बाबा न वळताच बायकोला म्हणाले. "शेक चालंल. मिठाचा घे."

चांगुणाबाईने खडेमीठ तव्यावर तडतडेपर्यंत भाजले, फडक्यात बांधले आणि शेक दिला. मग निरगुडीचा पाला करंजेलात गरम करून गुडघ्याला बांधला. बांधताना तिचा आवाज आला, "जरा ऊन लागतंय गो हाताला."

"उन्हाची चालत आयली ती," बाबा म्हणाले. "ती सोता सांगते, नाय म्हनून. बांध."

औषध झाल्यावर जेवल्याशिवाय सोडायचे नाही, ही तिथली दुसरी रीत. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी होती आणि निवट्यांचे कालवण होते. निवटी हा खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा आहे. त्याचे डोळे डोक्यावर असतात.

"ह्यो मासा हाय का सरडा?" अक्काने विचारले.

"खाऊन बग, मंग इचार," चांगुणाबाई म्हणाली. अक्काने दुसऱ्यांदा कालवण मागून घेतले. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी पोट भरल्यासारखी वाटत नाही. भरल्याचे नंतर कळते. परतीच्या बसमध्ये दाजी झोपले.

"गुडघ्याचं इचारलंच न्हाई बघ," अक्का मला म्हणाली. "सारखं आपलं ढोपर, ढोपर."

"सगळे सांधे तपासून घेत असतील," मी म्हणालो. "जाणता माणूस दिसतो."

वाशी, सोमवार

सकाळी पाला सोडला तेव्हा गुडघा शहाळ्यासारखा झाला होता. कातडी ताणून चकाकत होती आणि हात ठेववत नव्हता. अक्का पलंगावरून उतरू शकली नाही. तो भोगीचा दिवस होता. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी तिच्या सूचनांवरून दाजींनी आणि मी केली. तीळ भाकरीपेक्षा तव्याला जास्त लागले.

"झालं ह्ये बरं झालं," दाजी कामावर निघताना म्हणाले. त्यांचा आवाज मात्र बरे झाल्यासारखा नव्हता. "टेम्पोवाल्याला पक्कं सांगून टाकतो."

दाजी गेल्यावर अक्का मला म्हणाली, "जा, त्या बाबाला इचारून ये. माझं काय चुकलं ते तरी कळू दे."

मी तळवलीला पोहोचलो तेव्हा जोमाबाबा ओटीवर जाळे विणत बसले होते. गुडघा सुजल्याचे सांगताच त्यांनी जाळे बाजूला ठेवले.

"मी तिना चांगला इचारला. ढोपर सुजतंय का? ती नाय बोलली. गरम लागतंय का? नाय. सुजलेल्या ढोपराना कवा कोन शेक देतं का? माझी आये माझा हात तोडली असती."

"बाबा, पण ढोपराला तिच्या खरंच काही झालेलं नाही," मी म्हणालो. "दुखतोय तो गुडघा."

बाबा माझ्याकडे वळले. मग त्यांनी विचारले, "ढोपर खंय असतंय तुमचा?"

मी बाही वर करून कोपरावर बोट ठेवले.

"यो?" बाबा उठूनच उभे राहिले. "यो कोपर! ढोपर यो!" आणि त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली.

आतून चांगुणाबाई हसत बाहेर आली. "मंग मी काय पाला कोपराला बांधाला पायजे होता?"

आमच्या साताऱ्याकडे ढोपर म्हणजे हाताचा कोपर. खाडीच्या काठाला ढोपर म्हणजे पायाचा गुडघा. दोन्हीकडचे लोक मराठी बोलतात आणि दोन्हीकडच्यांना आपण बरोबर आहोत याची खात्री असते. बाबांनी आदल्या दिवशी विचारलेले सर्व प्रश्न योग्य होते. अक्काने दिलेली सर्व उत्तरे खरी होती. ओटीवर बसून ती ऐकणारे आम्ही दोघेही साताऱ्याचेच होतो.

"सुजतंय का तिचा, शेक देयाच्या आदी?" बाबांनी मला विचारले.

"संध्याकाळी सुजायचा. रात्री ठणकायचा."

बाबांनी खांद्यावर पंचा टाकला. "चल गो," ते बायकोला म्हणाले. "मानसाची चूक असंल तर मानसान जावाला पायजे."

दुपारी ते दोघे माझ्याबरोबर वाशीला आले. बाबा दाराबाहेर जिन्यात, प्रधानांच्या खुर्चीत, पाठ करून बसले. चांगुणाबाईने अक्काच्या पायाखाली दोन उश्या घातल्या आणि गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सुरुवात केली. शेक नाही, तेल नाही, चोळणे नाही. सूज उतरेपर्यंत पाय उंचावर.

"बाय," बाबा जिन्यातून म्हणाले, "आता बोट ठेवून सांग. दुखतंय खंय?"

"तुमी तिकडं त्वांड करून बसलाय," अक्का म्हणाली. "बोट ठेवलं तर दिसंल कसं?"

यावर पहिल्यांदा बाबा हसले. त्या आठवड्यात अक्काही पहिल्यांदा हसली.

संध्याकाळी दाजींनी डॉक्टरांना घरी आणले. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, पट्ट्या पाहिल्या आणि हेच चालू ठेवायला सांगितले. सूज उतरल्यावर मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत, असेही ते म्हणाले. तसा एक वर्ग नेरूळला चालत असल्याचे त्यांच्याकडूनच कळले.

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. अक्का खाली जाऊ शकत नव्हती म्हणून तिळगूळ तिच्याकडे वर आला. इमारतीतल्या बायका पलंगाभोवती बसल्या. कोकणातल्या बाईने गुडघ्याला ढोपरच म्हणतात असे सांगितले, कऱ्हाडच्या बाईने तिला खोडून काढले, आणि हळदीकुंकू संपेपर्यंत वाद मिटला नाही. बुधवारी सूज उतरली.

नेरूळ, गुरुवार

नेरूळ अजून अर्धेच बांधून झाले होते. इमारती उभ्या, रस्ते अर्धवट, आणि जिथे तिथे रेतीचे ढीग. एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली ओळीने मांडलेल्या घडीच्या खुर्च्या, असा वानखेडेबाईंचा वर्ग होता. बाई मूळच्या परभणीकडच्या. मुंबईच्या एका इस्पितळात व्यायामोपचाराच्या विभागात त्यांनी नोकरी केली होती. तिथे पाहिलेले व्यायाम आणि नंतर शिकलेली योगासने यांची सांगड घालून त्या बायकांना शिकवत. दुखणाऱ्या बाईला जमिनीवर बसवायचे नाही, हा त्यांचा नियम.

अक्काला पुन्हा खुर्चीतूनच खाली आणून बसने नेले होते. पोहोचलो तेव्हा वर्ग चालू होता. खुर्च्यांवरच्या बायका एकेक पाय सरळ पुढे उचलून धरत होत्या आणि बाई मोजत होत्या. अक्काला बसवून त्यांनी विचारले, "टोंगळा सुजला व्हता का, मावशी?"

अक्काने तोंड उघडले आणि मिटले. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती म्हणाली, "बाई, आदी बोट ठिवून दावा. टोंगळा म्हंजी कुठला?"

वर्ग थांबला. बाईंनी वाकून तिच्या गुडघ्यावर बोट ठेवले.

"त्योच," अक्का म्हणाली. "सुजला व्हता, गरम व्हता, रातचा ठणकत व्हता. आता उतरलाय. समदं खरं सांगितलं, आता करा काय करायचं ते."

तळवलीची हकिकत ऐकल्यावर वर्गातल्या बायका इतक्या हसल्या की बाईंना पुढचे मोजणे सोडून द्यावे लागले. मग त्यांनी अक्काला व्यायाम दाखवला. पाय सरळ पुढे उचलायचा, मांडी आवळून धरायचा, हळू खाली सोडायचा. काही दिवसांनी घोट्यावर रेतीची पिशवी. ती घरीच शिवायची.

"टोंगळ्याला कामाला लावू नका, मावशी. मांडीला लावा. मांडी उचलंल तेवढा भार टोंगळ्यावरचा कमी. दुखणं जाईलच असं म्या सांगत न्हाई. जिना मातर चढशाल."

जिन्याची युक्ती त्यांनी दाराच्या पायरीवर करून दाखवली. चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा आधी. अक्काने ती लगेच आपल्या भाषेत बसवली: "चढताना गुणाचा, उतरताना खोडीचा." परतताना बस थांबली की ती हे एकदा म्हणत होती. निघताना तिने माझ्या रुमालात नेरूळची रेती बांधून घेतली होती.

मी शुक्रवारी पुण्याला परतलो.

वाशी, महिनाअखेर

दाजींच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी पुन्हा वाशीला गेलो. इमारतीत शिरलो तर प्रधानांची वेताची खुर्ची दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ठेवलेली होती. ती तिथे कोणी ठेवली, असे विचारल्यावर प्रधान म्हणाले, "सोसायटीच्या मीटिंगमध्ये पास करून घेतलं. कोणालाही बसता येईल." पेटीविषयी ते काही बोलले नाहीत.

अक्काने दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम केला होता. रेतीची पिशवी जुन्या परकराच्या कापडाची होती. दोनदा सूज आली, तेव्हा तिने पट्ट्या ठेवल्या आणि जिना त्या दिवसापुरता सोडून दिला. वानखेडेबाई एकदा येऊन पाहून गेल्या. चांगुणाबाई दोनदा आली. दुसऱ्या वेळी तिने सुके बोंबील आणले आणि अक्काकडून बाजरीचे पीठ नेले.

संध्याकाळी कारखान्याची बस दाजींना नाक्यावर सोडून गेली. गळ्यात हार, हातात नारळ आणि शाल. ते फाटकापाशी आले तेव्हा अक्का फाटकाच्या खांबाला टेकून उभी होती. ती कोणाचा हात न धरता उतरली होती. मी तिच्या मागून उतरलो होतो, म्हणून हे खात्रीने सांगता येते.

"उतरलीस व्हय?" दाजी म्हणाले.

"अजून चढायचंय."

ती कठड्याला धरून चढली. प्रत्येक पायरीवर चांगला पाय आधी, मग दुखरा त्याच्या शेजारी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्चीत बसली. दाजींनी हात पुढे केला.

"हात नको," अक्का म्हणाली. "नारळ नीट धरा. पडला तर डोस्क्यात पडंल कुणाच्या तरी."

खालून प्रधानांचा आवाज आला, "वहिनी, लेट इफेक्ट म्हणतात तो हाच!"

ती उठली आणि उरलेला जिना चढली. दारात तिने चौकटीवर एक हात ठेवून श्वास घेतला. गुडघा दुखत होता. विचारल्यावर तिने तसे सांगितले. मग ती पलंगावर बसली, पाय उशीवर ठेवला आणि मला पट्टी ओली करून आणायला सांगितले. रात्री तिने ओट्याशी उभे राहून भाकऱ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोवाला सामान किती आहे ते बघायला आला. दाजींनी त्याला दारातूनच परत पाठवले. अक्का तेव्हा घरात नव्हती. ती दोडकी आणायला खाली गेली होती.